पार्टी येतेय, जरा आवरून ठेवा

रविवारी सकाळी साडेनऊला माझ्या भाचीच्या मोबाइलवर घरमालकांचा निरोप आला. “अकरा वाजता पार्टी येतेय. जरा आवरून ठेवा. पडदे उघडे ठेवा, उजेड दिसला पाहिजे. गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे काढलेत तर बरं.” खाली जोडलेल्या हातांची दोन चित्रं. भाची पुण्यात कर्वेनगरला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहते. नवरा, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. भाडेकरार अकरा महिन्यांचा, त्यातले चारच सरलेले. घर विकायला काढलंय ही बातमी तिला कुणी सांगितलीच नव्हती. उजेडाच्या आणि कपड्यांच्या ओघात ती तिला कळून गेली.

अकराची पार्टी पावणेएकला आली. घेणारं जोडपं, त्यातल्या नवऱ्याचे आईवडील, एक मेहुणा आणि एजंट. मेहुण्याने बाथरूमचे नळ सोडून पाहिले, ओट्याखालची ट्रॉली ओढून पाहिली आणि मग त्याच वेगात बेडरूममधलं कपाट उघडलं. ते कपाट घराबरोबरचं नव्हतं, भाचीचं होतं. आत तिच्या साड्या होत्या. पलंगावर ताप आलेला मुलगा झोपला होता, त्याच्यासकट खोलीचा व्हिडिओ निघाला, “मोठ्या भावाला पाठवायला”. सासूबाई नैवेद्य दाखवत होत्या. घेणाऱ्याच्या आईंनी त्यांच्या मागे उभं राहून निकाल दिला, “हे देवघर इथून हलवावं लागेल, ईशान्येला हवं.” जाता जाता एजंटने अगदी मऊ आवाजात विचारलं, “मॅडम, तुम्ही खाली कधी करताय?”

हा किस्सा मी गेल्या महिन्यात एका मुंजीच्या पंगतीत सांगितला. माझी अपेक्षा होती की लोक निदान “अरेरे” म्हणतील. जिलबी येईपर्यंत कळलं की भाचीच्या बाजूची मी एकटीच आहे. समोर बसलेल्या पाचांपैकी चौघांचा एकेक फ्लॅट भाड्याने दिलेला होता, आणि पाचवे वकील होते.

त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं मांडते, कारण ते एकट्या त्या पंगतीचं नाही. कुठल्याही सोसायटीच्या कट्ट्यावर ते याच क्रमाने ऐकायला मिळतं. घर त्यांचं. पोटाला चिमटा घेऊन, वीस वर्षं हप्ते फेडून घेतलेलं. पैशाची गरज लागली तर ते विकणारच. भाडेकरू आज आहे, उद्या नाही. अकरा महिन्यांच्या कागदावर कसला आलाय हक्क? आत माणसं असली की भाव पडतो, पार्टी बिचकते, म्हणून आधी रिकामं करून घ्यावं आणि मग विकावं. तोवर दोन-चार लोक येऊन घर बघून गेले तर भाडेकरूचं काय झिजतं? आणि फार लाड केले तर तो मांडी ठोकून बसतो, कारण कायदा सगळा त्याच्याच बाजूचा. एवढं झाल्यावर ती म्हण यायलाच हवी होती, ती आली. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. मुंजीच्या पंगतीत, बाजूला भटजी जेवत असताना, ती फारच शोभून दिसली.

म्हणीपासूनच सुरुवात करते. त्या भटाला ओसरी दिली होती. फुकट दिली होती. त्याच्याकडून तीन महिन्यांची अनामत घेतली नव्हती, दर महिन्याच्या पाच तारखेआधी पैसे घेतले नव्हते, त्याचा अंगठा यंत्रावर टेकवून करार नोंदवला नव्हता, पोलीस पडताळणीसाठी त्याचा फोटो दिला नव्हता. फुकटच्या ओसरीवर पाय पसरणाऱ्याला म्हणीत घालून चारशे वर्षं झोडपा, माझी हरकत नाही. माझ्या भाचीने पाय पसरलेत ते तिने मोजून घेतलेल्या फरशीवर. तिची अनामत घरमालकांच्या खात्यात बिनव्याजी पडून आहे. भाड्याचं घर म्हणजे उपकार, ही समजूत इतकी मुरलेली आहे की पैसे घेणाराच स्वतःला दाता समजतो आणि देणाऱ्याने ओशाळून राहावं अशी अपेक्षा करतो.

आता “घर त्यांचं आहे”. आहेच. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सगळ्यावर त्यांचंच नाव असू दे. पण मग विकायला त्यांच्याकडे नेमकं काय आहे, हे एकदा मोजू या. कोकणात आंब्याची बाग हंगामापुरती व्यापाऱ्याला करारावर देतात. व्यापारी आगाऊ पैसे मोजतो, फवारणी करतो, राखणदार ठेवतो. मोहोर धरल्यावर मालकाने बाग विकायला काढली, तर तो व्यापाऱ्याला सांगेल का, “पार्टी येतेय, आंबे जरा काढून घ्या, झाडं मोकळी दिसली पाहिजेत”? सांगितलं तर गावात त्याला काय म्हणतील? जमीन त्याची, झाडं त्याची, पण या हंगामाचे आंबे त्याने विकलेले आहेत. कर्वेनगरच्या फ्लॅटचे पुढचे सात महिने तसेच विकलेले आहेत. त्यांची किंमत ठरली, कागद झाला, सरकारात नोंद झाली. आता तेच सात महिने “रिकामं घर, लगेच ताबा” म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकायचे, म्हणजे एकच म्हैस दोन बाजारांत उभी करणं झालं. बाजारात असं करणाऱ्याला आपण एका शब्दात ओळखतो. फ्लॅट असला की त्याला आपण “गरजवंत मालक” म्हणतो.

इथे वकीलसाहेबांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली आणि 1882 चा इझमेंट्स ॲक्ट बाहेर काढला. हा भाडेपट्टा नाहीच, म्हणाले, हे लीव्ह अँड लायसन्स. लायसन्स म्हणजे निव्वळ परवानगी, तिच्यातून जागेत हक्क तयार होत नाही. कलम 59 प्रमाणे जागा विकत घेणाऱ्यावर ती परवानगी बंधनकारक नसते. विषय संपला.

कलम अगदी बरोबर सांगितलं. फक्त साहेबांचं पुस्तक बहुतेक 59 वरच उघडतं. पुढे चार कलमं ओलांडली की 63 लागतं. परवानगी रद्द झाली तरी राहणाऱ्याला निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो. त्याच्या लगेच पुढे 64. पैसे घेऊन दिलेली परवानगी असेल, आणि राहणाऱ्याची काही चूक नसताना देणाऱ्याने त्याला मुदतीआधी बाहेर काढलं, तर देणाऱ्याकडून भरपाई वसूल करता येते. म्हणजे 59 ने नव्या मालकाची मान सोडवली, जुन्याची मान 64 मध्ये तशीच अडकलेली आहे. शिवाय करार आहेच. भाचीच्या करारात सहा महिन्यांचा लॉक-इन आहे, दोन्ही बाजूंना. ती चौथ्या महिन्यात निघाली असती तर उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं अनामतीतून कापलं असतं, आणि त्या वेळी याच पंगतीने म्हटलं असतं, “करार म्हणजे करार.” घरमालकाला विकायची घाई झाली की करार म्हणजे काय होतो? नुसता कागद?

आणि जिथे कागद खरोखर भाडेपट्ट्याचा असतो, तिथे तर वादच नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 109 सांगतं की विकत घेणारा जुन्या मालकाच्या हक्कांबरोबर, भाडेकरूची इच्छा असेल तर, त्याच्या जबाबदाऱ्याही घेतो. तोही कायदा 1882 चाच. “मला काय माहीत आत कोण राहतं” असं घेणाऱ्यालाही म्हणता येत नाही. प्रत्यक्ष ताब्यात जो असेल त्याच्या हक्काची खबर घेणाऱ्याला आहे असंच कायदा धरून चालतो. टिळक गोऱ्या सरकारशी भांडत होते तेव्हापासून कलम 109 छापील आहे, आणि आपल्या सोसायटीच्या कट्ट्यावर अजून पोचलेलं नाही.

अकरा महिन्यांच्या आकड्याचीही गंमत आहे. तो आकडा काही हक्क मारण्याचा मंत्र नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे. ती यातायात आणि तो खर्च टाळायला लोक अकरावर थांबले. महाराष्ट्रापुरती ती पळवाट कधीच बुजली. आपला भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, 31 मार्च 2000 पासून लागू. त्याच्या कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही मालकाला. त्यावर कडी म्हणजे नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. चौघांपैकी एकाने हे ऐकून जिलबी अर्धी ठेवली. त्यांचा करार पाचशेच्या स्टँपपेपरवर, नोटरीकडे झालेला होता.

“कायदा सगळा भाडेकरूच्या बाजूचा” हे वाक्य तर आजोबांच्या घड्याळासारखं आहे. एकेकाळी वेळ बरोबर दाखवत होतं. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 च्या सप्टेंबरातल्या आकड्यांना बांधून ठेवली होती. गिरगावात, लालबागेत, सदाशिव पेठेत मालकांना मिळणाऱ्या भाड्यात इमारतीचं छप्परही शाकारून होत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली या गोठवणुकीवर ताशेरे ओढले आणि मग 1999 चा कायदा आला. त्या काळच्या मालकांचं दुःख खरं होतं, हे मी मान्य करते. पण लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं ते 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे राहत होते त्यांना. त्या दिवशी जन्मलेल्या माणसाची आता पन्नाशी उलटली. आज लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा मुदत संपूनही हलला नाही, तर 1999 च्याच कायद्याच्या कलम 24 प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि हलेपर्यंतच्या काळाचं दुप्पट शुल्क मागू शकतो. इतका मालकाच्या बाजूचा कायदा खिशात ठेवून “आम्ही बिचारे” म्हणायला एक वेगळीच प्रतिभा लागते.

मग येतो पैशाचा मुद्दा, जो या सगळ्यांचा खरा मुद्दा आहे. रिकाम्या घराला जास्त भाव. याचं उत्तर मी एका पाटीने देते. ‘दुकान विकणे आहे, बँक भाडेकरू’ अशी जाहिरात कुणीही पाहिली असेल. तळमजल्याचा गाळा, आत बँकेची शाखा किंवा एटीएम किंवा औषधांचं साखळी दुकान, नऊ वर्षांचा करार, दर तीन वर्षांनी भाडेवाढ. अशा गाळ्याचा भाव भाडेकरूमुळे वाढतो. मालक भाडेकरूचं नाव अभिमानाने सांगतो, करार दाखवतो, किती वर्षं उरलीत ते अधोरेखित करतो. कधी ऐकलंय, “बँक आहे आत, पण काळजी करू नका, विक्रीआधी खाली करून देतो”? शेअर बाजारात 2019 साली एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रिट आला, म्हणजे भाड्याने दिलेल्या इमारतींची मालकी तुकड्या-तुकड्यांनी विकणारा न्यास. मुंबई-पुण्यातल्या कचेऱ्यांच्या इमारतीही त्यात आहेत. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की त्या मालकीचे तुकडे दिवसभर हात बदलतात. म्हणून आतल्या कंपन्यांना कोणी खुर्च्या बांधायला सांगतं का? कुणा गुंतवणूकदाराचा मेहुणा जाऊन त्यांच्या टेबलांचे खण उघडतो का?

तिथे भाडेकरू म्हणजे उत्पन्न, आणि घरात भाडेकरू म्हणजे अडगळ. भाडं दोघंही देतात. भाचीचं तर एकदाही चुकलेलं नाही. फरक एवढाच की बँकेला कायदा विभाग असतो, आणि भाचीला जून उजाडायच्या आत मुलाच्या शाळेजवळ घर शोधायचं असतं. बँकेच्या मॅनेजरला रविवारी सकाळी साडेनऊला “जरा आवरून ठेवा” असा निरोप पाठवायची छाती कुणाची होईल?

बरं, रिकामं करून भाव किती वाढतो? घर विकायला सहा-आठ महिने सहज जातात. पार्टी येते, टोकन देते, वास्तुवाल्याला दाखवते, टोकन परत मागते. पंचवीस हजारांच्या भाड्याने आठ महिन्यांचे दोन लाख गेले, वर सोसायटीचा देखभाल खर्च खिशातून, आणि बंद घराच्या भिंतींना पावसाळ्यात बुरशी. तरी मालक रिकामंच ठेवणार. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये सुमारे 1 कोटी 11 लाख घरं रिकामी सापडली होती, ती काय भुतांनी अडवली होती? आणि समजा, दोन लाखांचा फटका सोसूनही रिकाम्या घराचे चार लाख जास्त मिळाले. मिळू देत. ते चार लाख आले कशातून? भाचीने करार अर्धा टाकून निघण्यातून. तिचा टेम्पो, तिची नवी दलाली, तिच्या नव्या कराराचा खर्च, सासूबाईंचा बदललेला डॉक्टर. चार लाखांतले किती ते तिला देणार आहेत? हा प्रश्न मी पंगतीत विचारला तेव्हा सगळ्यांना एकदम मठ्ठा वाढून हवा होता.

“काय झिजतं” हा प्रश्न मात्र मला फार आवडला, कारण तो नेहमी न झिजणारा माणूसच विचारतो. झिजतं ते असं. सहा रविवार बाहेर जाता येत नाही. ऑनलाइन जाहिरातीत आपला सोफा, आपलं कॅलेंडर, भिंतीवरचा लग्नातला फोटो जगाला दिसतो. मार्चात घरात दहावीची मुलगी असली तर तिचं टेबल हलवून खिडकी दाखवली जाते. अनोळखी माणूस विचारतो, “शेजारी कसे लोक आहेत?” आणि शेजाऱ्यांची दारं उघडी असतात. महाराष्ट्राचा 1999 चा कायदा मालकाला पाहणीचा हक्क देतो, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. केंद्राने 2021 मध्ये जो नमुना कायदा मंजूर केला त्यात आत येण्याआधी किमान 24 तास कळवायला सांगितलंय. तो नमुनाच आहे, राज्याने घेतल्याशिवाय बंधन नाही. तरी चोवीस तास आणि दीड तास यांत फरक आहे. शिवाय पाहणी मालकाची. मेहुण्याची नव्हे.

भाडेकरू म्हणे पार्टीला मुद्दाम घाबरवतो. “चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही” असं सांगतो. चढतं का? चढत असेल तर नळ सोडा, भाडेकरू खोटा पडेल. चढत नसेल, तर जागेतला न दिसणारा मोठा दोष घेणाऱ्याला सांगणं विकणाऱ्यालाच बांधील आहे. हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55, मघाचं 55 वेगळं. म्हणजे भाडेकरू मालकाचंच काम फुकटात करतोय. खरं तर घेणाऱ्याने एजंटला खाली उभं करून दहा मिनिटं भाडेकरूशी बोलावं. पावसाळ्यात कुठली भिंत ओली होते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि मग शेवटचं अस्त्र. “आम्हीही भाड्याने राहिलोय. आम्ही नाही असले नखरे केले.” हे बोलणाऱ्या गृहस्थांचं बालपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. वडील बिऱ्हाडकरू, दोन खोल्या, भाडं महिना चाळीस रुपयांच्या आत. पुढे मालकाने वाडा बिल्डरला विकला. वाडा विकला गेला तेव्हा यांचं बिऱ्हाड आतच होतं. बिल्डरने त्यांना रस्त्यावर काढलं नाही, काढताच आलं नाही. पुण्यात कितीतरी वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या त्या बिऱ्हाडकरूंना नवी जागा देऊन. यांच्या वडिलांनाही एक फ्लॅट मिळाला. तोच फ्लॅट आज हे गृहस्थ भाड्याने देतात, आणि भाडेकरूला अकरा महिन्यांनी बदलतात, “सवय लागू नये म्हणून”. म्हणजे भाडेकरूच्या हक्कावर ज्यांचं पहिलं घर उभं राहिलं, त्यांनी त्या शिडीला वर पोचल्यावर लाथ मारायची, आणि वर म्हणायचं की आम्ही नखरे केले नाहीत. त्यांच्या वडिलांनी नखरे केले होते, म्हणून मुलाला करावे लागले नाहीत.

याचं परदेशी भावंडही आहे. भाचीच्या मैत्रिणीचा घरमालक पुण्याचाच, नोकरीला जर्मनीत. तिथे भाड्याने राहतो. त्याने बावधनचा फ्लॅट विकायला काढला आणि मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर चार आठवडे दिले. ती म्हणाली, करार अजून नऊ महिन्यांचा आहे. तो म्हणाला, “इंडियात असंच असतं.” हा माणूस ज्या देशात झोपतो तिथल्या नागरी संहितेच्या कलम 566 चं शीर्षकच आहे, विक्रीने भाडेकरार मोडत नाही. त्याचा जर्मन मालक उद्या घर विकेल, परवा नवा मालक पुन्हा विकेल, याला चहाची किटलीही हलवावी लागणार नाही. तिथे हे त्याला सुसंस्कृतपणाचं लक्षण वाटतं. इथे तेच भाडेकरूचा माज वाटतो.

मी हे नुसतं जिभेच्या जोरावर बोलत नाही. सोळा वर्षं भाड्याने राहिले, पाच घरं बदलली, आणि नंतर माझाही एक फ्लॅट झाला, चिंचवडला. वडिलांच्या आजारपणानंतर तो विकायची वेळ आली तेव्हा आत एक कुटुंब राहत होतं, करारातले पाच महिने उरलेले. गरज म्हणजे काय, हे मला पंगतीने शिकवायला नको. मी एजंटकडे जायच्या आधी त्यांच्याकडे गेले. तुम्हाला घ्यायचंय का, विचारलं. त्यांना जमणार नव्हतं. मग ठरलं की घर बघायला लोक येतील ते फक्त शनिवारी, पाच ते सात, आणि ते दोन महिने मी भाड्यात थोडी सूट दिली. एजंट हसला. म्हणाला, “ताई, भाडेकरूला कशाला विचारायचं?” पहिल्या तीन पार्ट्या “भरलेलं घर नको” म्हणून गेल्या. चौथी आली ती मिळकतीचा विचार करणारी. त्यांनी करार पाहिला, भाडं वेळेवर येतं का विचारलं, आणि उरलेले पाच महिने तसेच घेतले. अनामत व्यवहाराच्या रकमेतून वजा करून त्यांच्याकडे गेली, तिघांच्या सह्यांचा एक साधा कागद केला, आणि त्यात नव्या मालकाने करार पुढे चालवायचं लिहून दिलं. वकीलसाहेबांच्या 59 ला एका पानात उत्तर मिळालं. मला बाजारभावापेक्षा थोडं कमी मिळालं का? मिळालं असेल. माझ्याकडे विकायला पाच महिने कमीच होते.

या सगळ्या वादात लोक ज्याला भाडेकरूवरचा उपकार म्हणतात, तो साधा व्यवहार आहे. घर विका, आज विका, ज्याला हवं त्याला विका, आम्ही आड येत नाही. पण भाड्याचे पैसे घेऊन दिलेले महिने तुमच्या मालात धरू नका. ते हवे असतील तर ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून विकत घ्या. त्याला भाव विचारा, तो सांगेल तो द्या, नाही परवडला तर मुदत संपेपर्यंत थांबा. दुकानात उधारीवर वस्तू मागणाऱ्यालाही आपण आधी विचारायला लावतो, आणि इथे कुणाचं तरी राहतं घर न विचारता दाखवायला काढतो. मालक म्हणून तुमचा मान आहे, पण तो तुम्ही विकलेल्या गोष्टीवर नाही. आणि बँकेला जो शिष्टाचार तुम्ही आपोआप दाखवता, तो चार वर्षांच्या मुलासाठी दाखवताना हात का आखडतो, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

परवा भाचीला पुन्हा निरोप आला. “उद्या सकाळी पार्टी. जेन्युइन आहे. जरा आवरून ठेवा.” या वेळी तिने उत्तर लिहून मला आधी वाचून दाखवलं. मी एक शब्दही बदलला नाही.

“काका, उद्या जमणार नाही. शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा जमेल. चारपेक्षा जास्त माणसं नकोत, व्हिडिओ नको, कपाटं उघडायची नाहीत. करार ऑक्टोबरपर्यंत आहे हे त्यांना आधी सांगा. त्याआधी जागा हवी असेल तर आपण रकमेचं बोलू. दोरीवरचे कपडे वाळले की काढीन.”